उलटा विभाग

कारखान्यात पंप तयार व्हायचा, टेस्टिंगच्या टेबलावर पाणी ओढून दाखवायचा, पास झाला की घंटा वाजायची, आणि त्याच क्षणी तो खोलायला घ्यायचे. पार शेवटच्या वायसरपर्यंत. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसायचा, मग आपली फिरकी घेतली जातेय असं समजून गप्प बसायचा, आणि आठवडाभर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर घरी कुणाला सांगायचाच नाही. घरच्यांनी विश्वास ठेवला असता तर नोकरी सोडायला लावली असती.

कारण अगदी साधं होतं. कारखाना नदीच्या अलीकडे होता आणि पंप खपायचे पलीकडे. पलीकडे दुसरा देश होता. मधे पूल होता आणि पुलावर जकात होती. अख्खा पंप न्यायचा तर जकात अशी, की गिऱ्हाइकानं तो पाण्यासाठी घेण्यापेक्षा दिवाणखान्यात मांडून ठेवायला घेतला असता. सुट्या भागांवर मात्र जकात जवळजवळ नव्हतीच. पलीकडच्या सरकारला आपल्याकडे कारखानदारी वाढवायची होती; भाग येतील, आपले लोक ते जोडतील, जोडता जोडता शिकतील आणि एक दिवस स्वतः बनवतील, असं त्यांच्या मंत्र्यांना वाटत होतं. अलीकडच्या सरकारला निर्यात वाढवायची होती. ती पंपांची वाढली काय नि तुकड्यांची वाढली काय, त्यांना सारखंच. दोन्ही सरकारं आपापल्या जागी खूष होती. त्यांच्या खुशीतून जे जन्माला आलं त्याला सरकारी अहवालात 'प्रादेशिक अभियांत्रिकी उद्योग' म्हणत आणि कारखान्यात 'उलटा विभाग'.

मग पंप मुळात जोडायचाच कशाला, सुटे भागच भरून पाठवा की, असा प्रश्न हुशार माणसांना पडायचा. कंपनीलाही एकदा पडला होता. तेव्हा ढिगातून हाताला येतील ते भाग खोक्यात भरले, आणि पलीकडे जोडलेल्या पंपांनी पाणी ओढायच्या ऐवजी नुसतीच तक्रार केली. या कारखान्यातला प्रत्येक पंखा कानशीनं घासून आपापल्या बॉडीत बसवलेला असायचा. शेजारच्या बॉडीत टाकला की रुसायचा. म्हणून आधी लग्न लावायचं, संसार होतोय का ते बघायचं, मग काडीमोड करून दोघांनाही एकाच खोक्यातून पलीकडे धाडायचं, अशी पद्धत पडली आणि पुढे तीच परंपरा झाली.

या काडीमोडांचे मुख्य होते उलटेमास्तर. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. मास्तरांनी पाना हातात घेतला की बोल्ट आपण होऊन सैल होतात असं बोललं जायचं. ते खरं नव्हतं, पण मास्तरांनी कधी खोडूनही काढलं नाही. टेबलावर घंटा वाजली की ते मान वर न करता पंप ओढून घ्यायचे, आणि शेजारचा माणूस शिंकून नाक पुसेपर्यंत पंपाचा पंप राहिलेला नसायचा. शाफ्ट इथं, पंखा तिथं, बेअरिंग कागदात, नट-बोल्ट पिशवीत. खोक्यात भरतानाही उलटं डोकं चालवायचं. पलीकडे जो भाग आधी लागणार तो सगळ्यात वर.

जोडायचं मात्र त्यांनी कधी नाही. उलट्या विभागातल्या माणसानं काहीही जोडायचं नाही, असा नियमच होता. जोडणीवाल्यांची संघटना वेगळी, खोलणाऱ्यांची वेगळी, आणि दोघांच्या मधे जमिनीवर पिवळा पट्टा. मास्तर उभ्या आयुष्यात तो पट्टा ओलांडून गेले ते फक्त मोरीवर, कारण मोरी तिकडे होती.

सवय घरीही यायची. मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ एका मोठ्या ताटात ठेवलेलं होतं, भाग ओळीनं मांडून, जो आधी लागणार तो सगळ्यात पुढे. ते लग्नात मिळालं होतं. दारावरची घंटा मास्तरांच्या बायकोनं केव्हाच काढून टाकली होती, कारण ती वाजली की मास्तरांच्या हातात जे असेल ते सुटं व्हायचं. पेन, कंदील, एकदा तर डॉक्टरांचा रक्तदाब मोजायचा पंप. आता दाराशी बटण दाबलं की आत चिमणी चिवचिवायची.

"बाकीच्यांचे नवरे घरात येऊन काहीतरी दुरुस्त करतात," बायको म्हणायची.

"मी काही बिघडवत नाही," मास्तर म्हणायचे. "सगळे भाग आहेत. मोजून घे."

खोलायचं म्हणजे पूर्ण खोलायचं, याला कारण पुलावरचा जकातवाला. अख्खा पंप कशाला म्हणायचं, यावर वरून आलेलं परिपत्रक त्यानं वाचलं होतं, त्याला ते कळलं नव्हतं, आणि मग त्यानं स्वतःची कसोटी काढली होती. खोक्यात हात घालून एक भाग उचलायचा. त्याच्याबरोबर दुसरा वर आला तर ती जोडणी. एकदा गंजामुळे शाफ्टला बेअरिंग चिकटून राहिलं होतं. जकातवाल्यानं दोघं हातात हात घालून वर येताना पाहिले आणि सबंध ट्रक अडवला. मास्तर स्वतः पुलावर गेले, सगळ्यांदेखत त्यांना वेगळं केलं आणि परत आले. त्यानंतर जकातवाला मास्तरांना नमस्कार करू लागला.

पलीकडे खोके ज्या शेडमध्ये उघडायचे तिचा ठेका ज्याच्याकडे होता, तो पुढे मास्तरांचा दाजी झाला. ते लग्नही खोक्यांनीच जुळवलं. रिकामे खोके परत यायचे तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं असायचं, 'एक वायसर कमी.' मास्तर त्याखाली लिहायचे, 'नीट बघा.' पुढच्या खेपेला, 'नीट बघितलं. एक वायसर कमी.' मास्तर, 'चष्मा घ्या.' उत्तर, 'चष्म्यातून बघितलं.' हे कितीतरी महिने चाललं. शेवटी मास्तर वायसरनी भरलेला डबा घेऊन भांडायला पलीकडे गेले आणि त्या माणसाच्या शेडमध्ये जेवून परत आले. घरी मोठी बहीण होती. आलेलं प्रत्येक स्थळ तिनं नाकारलं होतं. मास्तरांनी तिला सगळी हकीकत सांगितली.

ताई म्हणाली, "एका वायसरसाठी जो माणूस इतके महिने भांडतो, तो बायकोला सहजासहजी सोडायचा नाही. विचार त्याला."

लग्न झालं. पुढच्या खोक्याच्या झाकणावर लिहिलेलं होतं, 'बहीण पोचली. एक वायसर कमी.'

असं सगळं छान, म्हणजे उलटं, चाललेलं असताना दोन्ही देशांनी मिळून महासंघ करायचं ठरवलं. वर्तमानपत्रात दोन पंतप्रधान हातात हात घालून वर आलेले दिसले. जकातवाल्याच्या कसोटीनं ती जोडणीच होती. पुलावरची जकात महिन्याच्या पहिल्या तारखेपासून संपणार होती.

कारखान्याचे मॅनेजर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, एका रिकाम्या खोक्यावर उभे राहून बोलले. साहेब तरुण होते आणि वाईट बातमी चांगल्या आवाजात सांगायचं शिक्षण घेऊन आले होते.

"पहिल्या तारखेपासून पूल म्हणजे नुसता पूल," साहेब म्हणाले. "पंप अख्खा जाईल. ही आपल्या सगळ्यांसाठी आनंदाची गोष्ट आहे. त्यामुळे उलटा विभाग बंद होतोय."

कुणीतरी आनंदानं टाळी वाजवली आणि शेवटचं वाक्य कानात शिरल्यावर हात तसेच ठेवले.

"कुणाला घालवणार नाही," साहेब म्हणाले. "जोडणी विभागात घेऊ. फक्त एक छोटी परीक्षा. प्रत्येकानं एक पंप जोडायचा, टेबलावर लावायचा, गळता कामा नये, आणि परीक्षकाच्या ताब्यात द्यायचा. मोठ्या ऑफिसातून परीक्षकबाई येणार आहेत. जो नापास होईल त्यानं मनाला लावून घेऊ नये."

"आणि नोकरीचं?" मास्तरांनी विचारलं.

"तीही मनाला लावून घेऊ नये," साहेब म्हणाले.

संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सांगितलं, "आता मला जोडावं लागणार."

बायकोनं ताटातल्या घड्याळाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. तिच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यापेक्षा मास्तरांना ते बघणं जास्त लागलं.

त्यांनी घड्याळावरच हात बसवायचं ठरवलं. पण उलट्या विभागातल्या मनगटाला एकच दिशा माहीत होती. स्क्रू दोन आटे आत जायचा आणि मास्तरांचं मनगट विचार बदलायचं. ते उजवीकडे पिळायला घ्यायचे आणि हात आपला डावीकडे निघायचा, पाळी सुटल्यावर पाय घराकडे निघतात तसा. आठवडा गेला. घड्याळाचे होते त्याहून बारीक तुकडे झाले.

"दाजींकडे जा," बायको म्हणाली.

"त्यांच्याकडे? इतकी वर्षं चष्मा घ्या, चष्मा घ्या म्हणालो, आता त्यांच्यापुढे हात पसरू?"

"पसरू नका. शिकवून आणा. आणि जाताय तर ही पिशवी वन्संना द्या, आणि त्यांचे डबे असतील तर उघडून द्या."

ताईच्या डब्यांची गोष्ट वेगळी होती. दाजी जे लावत ते कायमचं. ताईच्या घरात साखरेचा डबा, तेलाची बाटली, खिडकीची कडी, सगळं असं घट्ट बसलेलं असायचं की तिला माहेरी यावं लागे ते बहुतेक डबे उघडायला. मास्तर डब्याला नुसता हात लावायचे आणि झाकण यायचं. ताई म्हणायची, "मला नवरा नि भाऊ मिळून एक माणूस मिळाला."

मास्तर पूल ओलांडून गेले. जकातवाला आपल्या चौकीत बसला होता. त्यालाही पहिल्या तारखेनंतर काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"काही जोडलेलं आहे का?" त्यानं सवयीनं विचारलं.

"अजून नाही," मास्तर म्हणाले. "तेच शिकायला चाललोय."

जकातवाल्यानं पिशवीत हात घालून एक टॉवेल वर काढला, त्याच्याबरोबर दुसरं काही वर येत नाही हे पाहिलं, आणि समाधानानं परत ठेवला.

दाजींची शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, लांब बाक, आणि पुढच्या अंगणात पाण्याची टाकी. गिऱ्हाईक यायचं, स्टुलावर बसायचं, त्याच्यासमोर खोका फोडून पंप जोडायचा, टाकीतलं पाणी त्याच्या पायांवर उडालं की तो खूष होऊन घेऊन जायचा. इथं घंटा वगैरे काही नव्हतं. भिजलेले पाय हीच पावती.

"या मेहुणे," दाजी म्हणाले. "वायसर आणला का?"

"दाजी, मला जोडायला शिकवा."

दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. ताई आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"परीक्षा आहे," मास्तर म्हणाले. "नापास झालो तर घरी."

"आम्ही परीक्षा न देताच घरी," दाजी म्हणाले. "पंप अख्खा येणार म्हटल्यावर ही शेड कशाला? तुमच्या साहेबांनी फोन करून सांगितलं. आवाज फार गोड आहे हो त्यांचा. अर्धं बोलणं होईपर्यंत मला वाटलं, बढतीच देतायत."

"मग राहू दे," मास्तर म्हणाले. "तुमचंच काम जाणार नि मी ते शिकून—"

"अहो, मग काय कपाटात ठेवू? कपाट मी लावलेलं आहे, तुमच्या बहिणीला उघडता येत नाही. बसा."

आणि दाजींनी रविवारमागून रविवार मास्तरांना शिकवलं. बोल्ट गोलानं एकामागून एक आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, नाहीतर झाकण एका अंगाला तोंड वाकडं करतं. कागदी पॅकिंगला ग्रीसचं बोट नुसतं दाखवायचं, फासायचं नाही. शाफ्ट एका बोटानं फिरवून बघायचा. फिरला पाहिजे, पण नाखुशीनं. मास्तरांचा हात डावीकडे जायला लागला की दाजी त्यावर लाकडी हातोडीनं टकटक करायचे.

"आवळायचंय. गळा नाही दाबायचा," दाजी म्हणायचे. "आणि सोडायचंही नाही. संसारासारखं."

"कुणाच्या संसारासारखं?" आतून ताईचा आवाज यायचा. "माझा साखरेचा डबा अजून उघडलेला नाही."

एका रविवारी मास्तरांचा हात उजवीकडे वळला तो वळतच राहिला. पंप टाकीवर लावला. ताई स्टुलावर बसली, आणि पाणी थेट तिच्या पायांवर उडालं. जोडावर मात्र एक थेंब नाही. दाजींनी पंपाभोवती फिरून बोटानं सगळे सांधे चाचपले, बोट बघितलं, कोरडं होतं.

"पास," दाजी म्हणाले. "आता परीक्षेत काय ते साहेबांना बघू दे."

परीक्षेच्या दिवशी पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जोडणी विभागात, एक बाक मांडला होता. परीक्षकबाई मोठ्या ऑफिसातून आल्या होत्या, शांत होत्या, आणि सगळे पास व्हावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्या शेजारी साहेब. उलट्या विभागातली बाकीची माणसं मागे रांगेत, आपापला पाना घेऊन. मास्तर सगळ्यात ज्येष्ठ, म्हणून त्यांची पाळी पहिली.

मास्तरांनी पंप जोडला. कसा जोडला, हे नंतर कारखान्यात बरेच दिवस बोललं जात होतं. बोल्ट समोरासमोर, ग्रीसचं बोट दाखवून, शाफ्ट नाखुशीनं फिरणारा. जोडणी विभागातली दोन माणसं काम थांबवून पाहत राहिली. पंप टेबलावर चढला. मोटर लागली. पाणी आलं, धार सरळ, सांधे कोरडे. परीक्षकबाईंनी हसून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनीही मान डोलावली.

आणि पंप पास झाल्यामुळे टेबलावरची घंटा वाजली.

मास्तरांनी मान वर न करता पंप ओढून घेतला. मागच्या रांगेतली माणसंही घंटेसरशी पुढे सरकली. एकानं पंखा घेतला, एकानं बेअरिंगसाठी कागद फाडला, एकानं कोपऱ्यातून खोका आणला. परीक्षकबाईंनी पेनचं टोपण काढून कागदावर तारीख घातली आणि वर पाहिलं, तेव्हा मास्तर खोक्याच्या झाकणाला शेवटचा खिळा ठोकत होते.

"पंप कुठंय?" बाईंनी विचारलं.

"भरला," मास्तर म्हणाले. मग त्यांना कुठे उभे आहोत ते कळलं.

टेबलावरून अजून पाणी टपटपत होतं.

"तो माझ्या ताब्यात द्यायचा होता," बाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी खोका त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी खोक्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि नियमात कुठे वाट सापडते का म्हणून नियम पुन्हा वाचला. नव्हती. बाकीच्यांची परीक्षा घेण्यात अर्थ उरला नव्हता, त्यांनी आपलं उत्तर आधीच दिलं होतं. पूर्ण उलटा विभाग नापास झाला. साहेबांनी निकालावर सही केली आणि कुणी मनाला लावून घेऊ नये असं सांगितलं.

पहिल्या तारखेला पुलावर बँड वाजला. अख्खे पंप ट्रकमध्ये बसून, छाती पुढे काढून, पलीकडे गेले. जकातवाला चौकीच्या बाहेर उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. त्याला चौकीतून उठा असं कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो पुढेही बसून राहिला.

मास्तर घरी बसले. हात रिकामे झाल्यावर त्यांनी एक दिवस ताट पुढे ओढलं आणि घड्याळ जोडलं. बायको बाहेरून आली तेव्हा ते भिंतीवर टिकटिकत होतं. ती पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"येतंय की तुम्हाला," ती म्हणाली.

"येतं," मास्तर म्हणाले. "पण आता काय त्याचं?"

ताई आता केव्हाही पूल ओलांडून येऊ शकत होती, आणि केव्हाही येत होती, पिशवीभर डबे घेऊन. दाजीही घरी बसले होते, आणि रिकाम्या हातांनी त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तू आणखी एकदा आवळल्या होत्या. "परवा पेटीतून माझा चष्माच बाहेर येईना," ताई म्हणाली. "तुझ्या दाजींनी ती पेटी सुरक्षित केली म्हणे." मग तिनं डबे पुढे सरकवले आणि तिकडची बातमी दिली.

तिकडे अख्खे पंप कुणी घेत नव्हतं. दुकानात पंप बघून गिऱ्हाईक विचारायचं, "अख्खा? मग आधी कुणाकडे होता?" दुकानदार शपथा घ्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, नवा पंप आम्हाला माहीत नाही का? नवा पंप खोक्यातून निघतो, तुकड्या-तुकड्यांनी निघतो, स्टुलावर बसलं की आपल्यासमोर जोडतात आणि पाय भिजतात. ज्याचं सगळं आधीच झालेलं आहे तो कुणीतरी वापरून टाकलेला. एका दुकानदारानं किमतीत सूट दिली, तेव्हा तर संशय पक्काच झाला.

"सगळे पंप परत चाललेत," ताई म्हणाली. "साहेबांचा आवाज आता बसलाय म्हणे."

थोड्याच दिवसांनी दारात चिमणी चिवचिवली. बाहेर साहेब होते. बायकोनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. खुर्ची नेमकी घड्याळासमोर होती.

"मास्तर, पंप खोलावे लागणार," साहेब म्हणाले. "जकात नाही, बिकात नाही, तरी खोलावे लागणार. बाजारच तसा घडलाय. उलटा विभाग सोमवारपासून चालू. सगळ्यांना घेतोय."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"पण मी तुमच्यासाठी आणखी एक विचार केलाय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज परत गोड झाला, आणि मास्तर सावध झाले. "पलीकडे ठेकेदार कशाला हवा? आता तिकडेही आपलंच. आपलंच दुकान टाकू. तुम्ही तिथं बसायचं, गिऱ्हाइकासमोर जोडायचं. पगार जोडणीवाल्याचा, वर मुख्याचा मान. तुम्ही जोडलेला पंप मी पाहिलाय, मास्तर. थेंब नव्हता. त्या शेडची आपल्याला गरजच काय?"

परीक्षेच्या आधी मास्तरांना जे हवं होतं ते आता खुर्चीत बसून चहा पीत होतं. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांना त्या शेडमधलं स्टूल, लांब बाक आणि रविवारची लाकडी हातोडी दिसत होती.

"मला जोडता येत नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

"अहो, मी स्वतः पाहिलं."

"नापास झालो. तुमचीच सही आहे."

"ते घंटेमुळे—" साहेब म्हणाले, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. हे घड्याळ ताटात राहतं हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. "हे कुणी जोडलं?"

"दाजींनी," बायको म्हणाली. मास्तरांनी तोंडही उघडलं नव्हतं. "दाजी आले होते, त्यांनी जोडून दिलं. ह्यांच्या हातून काय व्हायचंय साहेब? लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी साधं बटण लावलेलं मी बघितलं नाही."

साहेब काही बोलणार, इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. जुन्या घंटेसारखा, खणखणीत.

मास्तर उठले. त्यांनी मान वर न करता घड्याळ भिंतीवरून उतरवलं, मागची पट्टी काढली, आणि साहेबांचा फोनवरचा 'हॅलो' संपेपर्यंत घड्याळ ताटात होतं. काटे इकडे, चक्रं तिकडे, स्प्रिंग कागदात. जो भाग आधी लागणार तो सगळ्यात पुढे.

हे सवयीनं झालं की मुद्दाम, असं बायकोनं नंतर पुष्कळदा विचारलं. मास्तर दर वेळी म्हणाले, "घंटा वाजली ना?"

साहेबांनी फोन बंद केला आणि बराच वेळ ताटाकडे पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ठेका तुमच्या दाजींकडेच राहू दे."

सोमवारी उलटा विभाग उघडला. पहिला पंप आला, घंटा वाजली, काडीमोड झाली. मास्तरांनी स्वतःच्या हातानं खोका भरला, भाग मोजले, पुन्हा मोजले, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून पिशवीत एक वायसर वरून टाकला. इतक्या वर्षांच्या भांडणाचा, आणि त्या रविवारांचा. पुलावर जकातवाल्यानं, त्याला काहीच अधिकार उरलेला नसताना, खोक्यात हात घालून एक भाग उचलला. त्याच्याबरोबर दुसरा वर आला नाही. त्यानं ट्रक सोडला.

दोन दिवसांनी रिकामा खोका परत आला. मास्तरांनी झाकण उलटं केलं. आत खडूनं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं :

'एक वायसर जास्त. मोजता येत नाही का?'

मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि खाली लिहिलं, 'चष्मा घ्या.'